सिद्धरामाच्या लग्नाला माहेरी

पौषात लग्नं काढत नाहीत. सोलापुरात मात्र एक लग्न दरवर्षी पौषातच लागतं आणि अख्खं गाव त्याचं वऱ्हाड असतं. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्या साधनेच्या जागेपुढे कुंभाराची एक लेक रोज सडा-रांगोळी करायची. तिनं त्यांच्याशी लग्नाची इच्छा बोलून दाखवली. ते योगी, संसार करणं शक्य नव्हतं. पण तिला नाही म्हणवेना. त्यांनी सांगितलं, माझ्या योगदंडाशी लग्न कर. ते लग्न लागलं, आणि तेव्हापासून सोलापूरकर ते संक्रांतीला लावत आले आहेत. तेल-हळद, अक्षता, होम, सगळं रीतसर. पुढाऱ्यांच्या फलकांवर ‘श्री सिद्धेश्वर महायात्रा’ लिहिलेलं असतं, घरात आम्ही ‘गड्डा’ म्हणतो. आणि माझी आई एवढंच विचारते, “सिद्धरामाच्या लग्नाला येतीस ना गं?”

12 जानेवारी

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. आजच्या तारखेला याच गाडीनं जावं असं माझ्या मनात होतं. 1930 साली सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि पुढच्या वर्षी, 12 जानेवारी 1931 ला, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. त्या हुतात्म्यांचं नाव या गाडीला आहे. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. सोलापूर कसं गाव आहे ते या चार नावांवरून कळतं.

डब्यात निम्मे लोक यात्रेलाच निघाले होते. पुण्यात नोकरी करणारी पोरं, दोन सासुरवाशिणी, मांडीवर पेंगणारी लेकरं. कुर्डुवाडी सोडली तशी भाषा बदलली. “काय करालायस?” “आलोच की बे, पंधरा मिनिटांत.” पुण्यात वर्षभर जपून बोलणारी माणसं घर जवळ आल्यावर मोकळी होतात. मीही आईला फोन लावून म्हटलं, “जेवण ठेव गं, लै भूक लागलीय.”

स्टेशनवर माझा भाऊ अण्णा घ्यायला आला होता. वाटेत चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गाडी थांबवायला सांगितली. दिवसभर वाहिलेल्या हारांनी चौघांचे खांदे झाकून गेले होते. नमस्कार केला आणि पुढे सिद्धेश्वर मंदिराकडून वळसा घालून घरी गेलो. तलावाच्या मधोमध मंदिर, त्यावर दिव्यांच्या माळा, काठावर भुईकोट किल्ल्याची काळी भिंत. हा तलावही सिद्धरामांनी आपल्या माणसांकडून खोदून घेतला. वचनं लिहिणारा, कल्याणच्या अनुभवमंटपात, म्हणजे शिवशरणांच्या चर्चासभेत, बसवण्णा-अल्लमप्रभूंबरोबर बसलेला हा माणूस पाण्याची कामं करत होता, याचा मला फार अभिमान वाटतो. दुष्काळी मुलखातल्या संतानं दुसरं काय करावं!

घरी भाचा जागा होता. यंदा पहिल्यांदा काठी पेलायला मिळणार म्हणून त्याची झोप उडाली होती. ‘काठी’ म्हणजे नंदीध्वज. सोलापुरात मानाचे सात नंदीध्वज आहेत. उंच वेळू, त्यावर कापडाचा साज आणि माथ्यावर कळस. लिंगायत, माळी, सोनार, मातंग अशा निरनिराळ्या समाजांकडे त्यांचा मान आहे. यात्रेच्या कितीतरी आधीपासून रात्री जेवणं झाली की पोरं सरावाला जमतात. नुसता वेळू घेऊन गल्लीतून चालायचं, वळायचं, उतारावर तोल धरायचा. भाच्यानं तळहात दाखवले. बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते.

“आत्या, लै वजन असतंय गं.”

अण्णा आतून म्हणाला, “हातानं उचलायला जातोय म्हणून. कमरेनं पेलायचं असतंय ते.”

13 जानेवारी, भोगी

आज यण्णीमज्जन, म्हणजे लग्नाआधीचं तेल-हळद. सिद्धरामांनी सोलापूरच्या चहूबाजूंना 68 शिवलिंगं स्थापन केली. आज सातही काठ्या गावाला प्रदक्षिणा घालत त्या प्रत्येक लिंगाला तेलाचा अभिषेक करत जातात. घरच्या लग्नाचं आवतण कुलदैवतांना आधी द्यायचं असतं, तसं हे अडुसष्ट घरचं आवतण.

पहाटे पाचला आईनं भाच्याला न्हाऊ घातलं. मग बाराबंदी. ती नेसवताना बघण्यासारखी असते. पांढऱ्या सुती कापडाचा आखूड अंगरखा, त्याला गुंडी नाही, नुसते बंद. आतली बाजू आधी काखेत बांधायची, मग वरची छातीवरून ओढून घ्यायची. बंद सैल राहिला तर काठी धरताना कापड वर सरकतं, आवळला तर श्वास कोंडतो. आजोबांची बाराबंदी बांधायची तेव्हापासून आईच्या बोटांना ते माप ठाऊक आहे. एकेक गाठ मारताना ती पुटपुटत होती आणि भाचा हात वर करून गप्प उभा. एरवी फोन खाली न ठेवणारा एकोणीस वर्षांचा पोरगा, पण त्या दहा मिनिटांत त्यानं हूं की चूं केलं नाही.

उत्तर कसब्यात हिरेहब्बूंचा वाडा आहे. यात्रेचे मुख्य मानकरी ते. वाड्यापुढे सनई-चौघडा, हलग्या आणि बाराबंद्यांचा पांढरा समुद्र. पूजा झाली आणि पहिली काठी उभी राहिली तेव्हा कुणीतरी हाळी दिली,

“एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!”

“हर्र!”

“श्री सिद्धेश्वर महाराज की जय!”

ही आरोळी सोलापूरकरानं कुठेही ऐकली तरी त्याच्या अंगावर काटा येतो. एकदा परक्या शहरातल्या बाजारात कुणीतरी चेष्टेत ती दिली होती आणि गर्दीतून दोघांनी ‘हर्र’ म्हणून साद दिली होती. आम्ही तिघं तिथेच रस्त्यात एकमेकांची विचारपूस करत उभे राहिलो.

मिरवणूक आधी मंदिरात जाते. पहिला मान अमृतलिंगाचा. तिथून गावाबाहेरच्या वाटेनं एकेक लिंग. काही लिंगं देखण्या मंदिरांत आहेत, काही रस्त्याच्या कडेला, वर्षभर येता-जाता नजरेतून सुटणारी. शहर वाढत गेलं, इमारती उठल्या, पण आजच्या दिवशी काठ्या बरोबर त्या जागी जाऊन थांबतात आणि सगळ्यांना कळतं, अरे, इथं देव आहे. शहराची जुनी हद्द डोक्यात पक्की ठेवायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. कागदावरचा नकाशा विसरता येतो, पायांनी चाललेला विसरत नाही.

मी सबंध वाट चालले नाही. गुडघे साथ देत नाहीत, शिवाय घरी भोगीचा स्वयंपाक होता. वाटाणा, घेवडा, गाजर, वांगं, ओले हरभरे, उसाची करवं, बोरं, सगळं तिळाच्या कुटात एकत्र. तीळ थापलेली बाजरीची भाकरी, वर लोणी. शेंगाचटणीशिवाय आमच्याकडे पान पुरं होत नाही. ती मिक्सरची नाही, उखळात कुटलेली, तेल सुटून काळपट लाल झालेली. वहिनीनं एक डबा जास्तीचा बांधला आणि आम्ही वाटेवर जाऊन उभ्या राहिलो.

भाच्याची पाळी उन्हाच्या वेळी आली. काठीचा बुंधा कमरेच्या पट्ट्यात बसवला, दोन्ही हात वेळूवर, मान मागे, नजर थेट माथ्यावर. बघायचं ते वरच बघायचं. पाय कुठे पडतो ते पायालाच कळायला हवं. आजूबाजूला चार जाणती माणसं हात पसरून, पण काठीला न शिवता चालत होती. एवढ्यात वारा आला. वरचं कापड फडफडलं आणि सबंध वेळू झोकांडला. मी तोंडावर हात ठेवला. भाचा एक पाऊल मागे सरकला, गुडघ्यात किंचित वाकला आणि काठी परत उभी. शेजारच्या पांढऱ्या मिश्यांच्या गृहस्थांनी हळूच “हां” म्हटलं. तेवढंच. पण त्या ‘हां’मध्ये त्याला गणतीत घेतलं गेलं होतं.

वीसेक पावलांनी त्यानं काठी दुसऱ्याकडे दिली. एकाच्या कमरेतून दुसऱ्याच्या कमरेत, जमिनीला न टेकवता. आमच्यापाशी आला तेव्हा थरथरत होता. वहिनीनं पाणी दिलं. तिला काही बोलता येत नव्हतं.

काठ्या परतायला रात्र झाली. अनवाणी चाललेल्या माणसांचे पाय काळे पडले होते. गल्लीत बायका घागरी घेऊन दारात उभ्या होत्या. कुणाचाही पाय असो, पाणी घालून नमस्कार करायचा.

14 जानेवारी, संक्रांत. अक्षता

मिरवणुकीच्या वाटेवर रात्रभर रांगोळ्या चाललेल्या असतात. पहाटे चारला मी आणि वहिनी बघायला बाहेर पडलो. दाते गणपती, दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा, सगळा रस्ता रंगांनी भरत होता. कॉलेजच्या मुली स्वेटर-स्कार्फ घालून ओणव्या, हातात चाळण्या. एक आजोबा फक्त रंगाच्या पोत्यांची राखण करत बसले होते. पुढे काठ्यांखाली आणि हजारो पायांखाली हे सगळं पुसून जाणार, हे काढणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं. कुंभाराच्या लेकीचंही कामच रांगोळीचं होतं. म्हणून मला ही रांगोळी सजावट वाटत नाही. नवरीकडचं कुणीतरी नवरीचं काम पुढे चालवतंय, असं वाटतं.

मंदिराशेजारच्या संमती कट्ट्यापाशी जागा मिळवायची तर सकाळीच जावं लागतं. आईला घेऊन आम्ही लवकर पोहोचलो. कर्नाटकातून आलेली कुटुंबं आदल्या रात्रीपासून तिथे होती. कानावर कन्नड, तेलुगू, मराठी, दखनी, सगळ्या बोली पडत होत्या. शेजारच्या विजापूरकडच्या मावशींनी आईला कन्नडमध्ये विचारलं, आईनं मराठीत उत्तर दिलं, आणि तासभर दोघी तशाच बोलत राहिल्या. सिद्धरामांची वचनं कन्नड आहेत, शेवटी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही नाममुद्रा. ती मावशींना पाठ. त्यांनी एक वचन गुणगुणलं. आईनं डोळे मिटून घेतले.

आई मग मुलांना मल्लय्याची गोष्ट सांगू लागली. लहानगा सिद्धराम गुरं राखत शेतात बसलेला असताना एक जंगम आला. त्यानं हुरडा मागितला. पोरानं भाजून दिला. मग म्हणाला, पोटात आग पडलीय, दहीभात आण. सिद्धराम घरी धावला, दहीभात घेऊन आला तर जंगम गायब. “मल्लय्या, मल्लय्या” हाका मारत तो वेड्यासारखा निघाला तो थेट श्रीशैलपर्यंत. तिथेही देव दिसेना, तेव्हा कड्यावरून उडी टाकायला निघाला आणि मल्लिकार्जुनानं त्याला वरच्यावर धरलं. आमच्याकडे या दिवसांत हुरड्याचा पहिला घास अजून ‘मल्लय्याचा’ म्हणून बाजूला काढतात.

दुपारी काठ्या आल्या. आधी हलग्यांचा आवाज, मग घरांच्या गच्च्यांवरून कळस दिसू लागले. खारीक-खोबऱ्याचे हार आणि बाशिंगं ल्यालेल्या काठ्या एकामागून एक गर्दीतून वाट काढत कट्ट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. सुगडी पूजन झालं. या लग्नात कुंभारांचा मान मोठा आहे, नवरीकडचे ना ते! सुगडी त्यांच्याच घरून येतात, त्यांना विडा दिला जातो.

मग संमतीचं वाचन. तो मान शेटे घराण्याकडे. या लग्नाला मंगलाष्टकं नाहीत. सिद्धरामांनी दिलेली संमती वाचायची, हाच विधी. ध्वनिक्षेपकावर तो आवाज सुरू झाला आणि एवढा प्रचंड जमाव गप्प झाला. लेकरू रडलं तर आईनं त्याला पदराखाली घेतलं. मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या झाल्या होत्या. “सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्” हे शब्द आले आणि चारी बाजूंनी अक्षता उधळल्या गेल्या. कट्ट्यावरून, गच्च्यांवरून, झाडांवर चढलेल्या पोरांकडून. ज्यांना काठी दिसतही नव्हती त्यांनीही होते तिथून टाकल्या. आईच्या केसांत पिवळे दाणे अडकले. तिनं ते काढू दिले नाहीत.

2021 मध्ये करोनामुळे यात्रा मोजक्या मानकऱ्यांतच झाली होती. बाहेरच्यांना मज्जाव. तेव्हा आईनं अंगणात मंदिराच्या दिशेनं तोंड करून, मोबाइलवर संमतीचे शब्द ऐकत अक्षता टाकल्या होत्या. शेजारच्या प्रत्येक अंगणात कुणी ना कुणी तसंच उभं. मी पुण्याच्या गॅलरीतून टाकल्या. खाली राहणाऱ्या काकूंनी वर बघून विचारलं, कुणाचं लग्न आहे? मी सांगितलं, आमच्याकडचं आहे.

संध्याकाळी घरी शेंगापोळ्या. गूळ आणि भाजलेल्या शेंगांचा कूट इतका बारीक करायचा की लाटताना पोळी फाटता कामा नये. तीळगूळ घ्यायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच, “लागलं बघा लग्न.” भाचा भिंतीला टेकून बसला होता. दोन पोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या आणि बसल्या जागी झोपला.

15 जानेवारी, किंक्रांत. होम

अक्षता झाल्या की बाहेरगावचे बरेच लोक परततात. वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर अक्षतांचेच फोटो. मला मात्र या पाच दिवसांतली रात्र म्हणजे आजची. आज कुंभारकन्या होमात जाते.

कथेत असंच आहे. दंडाशी लग्न लागलं, इच्छा पुरी झाली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं अग्निप्रवेश केला. लहानपणी मला याचा राग यायचा. त्या मुलीला जाळता कशाला, म्हणून मी एकदा होम मैदानावरच मोठ्यानं रडले होते. आजीनं मला उचलून घेतलं आणि म्हणाली, “जाळत न्हाईत बाळा, सासरी धाडतोय.” तेव्हा ते पटलं नाही. आजही सती हा शब्द आला की माझा घसा आवळतो आणि तो आवळलेलाच राहावा असं मला वाटतं. पण आता एवढं दिसतं की आठशेहून अधिक वर्षं एका शहरानं एका कुंभाराच्या मुलीची इच्छा विसरली जाऊ दिलेली नाही. राजे गेले, बहामनी गेले, आदिलशाही गेली, इंग्रज गेले. गिरण्या आल्या आणि बंदही पडल्या. तिचं लग्न चुकलं नाही.

संध्याकाळी काठ्या पुन्हा निघतात. पण आजचा थाट वेगळा. पहिल्या काठीला नागफणी बांधतात, बाकीच्यांना विजेच्या दिव्यांची रोषणाई. नागफणी लागली की वजन भलतंच वाढतं आणि ते सगळं माथ्याला. ती पेलणं प्रत्येकाच्या आवाक्यातलं नाही. नागफणीची काठी चालू लागली की जाणत्यांचेही डोळे तिच्यावरून हलत नाहीत. भाचा आज पेलणाऱ्यांत नव्हता, काठीभोवती कडं करणाऱ्यांत होता. त्यानं लांबून मला हात केला.

होम मैदानावरच्या होमकुंडात ती उभी होती. बाजरीच्या पेंढीची. हिरवा शालू, गळ्यात मंगळसूत्र, अंगावर दागिने. मी यंदा मुद्दाम अगदी जवळ जाऊन बघितलं. शालूच्या निऱ्या कुणीतरी नीट चिमटीत धरून घातल्या होत्या, घाईनं गुंडाळलेल्या नव्हत्या. पदर डाव्या खांद्यावरून बरोबर मापात. मंगळसूत्राच्या वाट्या सरळ समोर. पदराच्या काठातून बाजरीची दोन कणसं बाहेर डोकावत होती, दाण्यासकट. जिनं किंवा ज्यानं तिला नेसवलं त्यानं नवरीला नेसवावं तसंच नेसवलं होतं.

पूजा झाली, होम पेटला. बाजरीचं वाळलेलं ताट धडाडून पेटतं. शालूची किनार आधी काळी पडली, मग ज्वाळा पदराला भिडली. बायकांनी हात जोडले. हलग्यांचा ताल वाढला होता, पण आमच्या बाजूला कुणी जयजयकार केला नाही. माझ्या शेजारी एक नवी नवरी उभी होती, हातभर हिरवा चुडा, पहिल्या संक्रांतीला माहेरी आलेली. ती रडत होती. तिच्या सासूनं तिचा हात धरला आणि सोडला नाही. आई म्हणाली, “जा बाई, नीट जा.” दरवर्षी ती एवढंच म्हणते.

त्यानंतर भाकणूक. देशमुखांचं वासरू दिवसभर उपाशी ठेवलेलं असतं. रात्री त्याच्यापुढे धान्य, कडधान्य, गूळ, खोबरं, खारीक, सुपारी, फळं असं सगळं मांडतात. ते कशाला तोंड लावतं, कशाचा नुसता वास घेतं, बुजतं की शांत राहतं, यावरून वर्षाचं अनुमान काढतात. ज्याला तोंड लावलं ते महागणार. मुतलं तर पाऊस चांगला. उबदार कपड्यांतले व्यापारी आणि धोतरातले शेतकरी माना उंचावून बघत होते. अण्णाची शेती कोरडवाहू, शेतात मालदांडी ज्वारी पोटरीला आलेली. तो कृषी विद्यापीठाचा सल्ला वाचतो, हवामान खात्याचा अंदाजही मोबाइलवर बघतो, पण भाकणुकीला न चुकता येतो. वासरानं मूत्रविसर्जन केलं तसा त्यानं माझा खांदा दाबला. रात्रीचा दीड वाजला होता आणि तो लहान पोरासारखा हसत होता.

16 जानेवारी

सकाळी अण्णाबरोबर विजापूर रोडला, रेवणसिद्धेश्वर मंदिराकडच्या जनावरांच्या बाजारात गेले. खिलार बैलांची शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. व्यवहार अजूनही रुमालाखाली बोटं धरून चालतो. अण्णाला काही घ्यायचं नव्हतं, पण त्यानं दहा-बारा बैलांचे दात बघितले, खूर बघितले, दर विचारले. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झाले, हे तो तीनदा म्हणाला.

संध्याकाळी मुलांना घेऊन गड्ड्यात. पाळणे, मौत का कुआँ, बांगड्यांची दुकानं, भज्यांचे घाणे, धूळ आणि कर्णे. आईनं दरवर्षीप्रमाणे एक लोखंडी तवा घेतला. माळ्यावर किती तवे आहेत ते विचारायचं नाही. रात्री शोभेचं दारूकाम झालं. आकाश उजळलं की खाली हजारो चेहरे एकदम दिसायचे. मी दारूकामापेक्षा तेच बघत होते.

17 जानेवारी. कप्पडकळी

आज काठ्यांचा साज उतरवतात. बाळीवेशीतल्या मल्लिकार्जुन मंदिरात हा विधी होतो. गर्दी पहिल्या दिवसांच्या मानानं अगदी कमी. आलेली माणसं बहुतेक घरचीच, म्हणजे ज्यांच्या पिढ्या काठीखाली गेल्या ती. कापड सोडलं की आतला नुसता वेळू दिसतो, तेल पाजून पाजून गडद झालेला. ज्यांनी पाच दिवस तो पेलला ते एकेक करून त्याला कपाळ टेकवत होते. परवाचे पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ भाच्यापाशी आले, त्याचा तळहात उलटा करून बघितला आणि म्हणाले, “पुढच्या सरावाला पहिल्या रात्रीपासून ये.” भाच्यानं वाकून नमस्कार केला.

घरी निघताना अण्णानं विचारलं, पुण्यातल्या मैत्रिणींना घेऊन येईन म्हणतेस, तर त्यांना नक्की कधी यायला सांगशील? एक दिवस येणारे सगळे अक्षतांनाच येतात. मी त्याला म्हटलं ते इथेही लिहिते. येणार असाल तर 12 ला रात्री पोहोचा. 13 ला काठ्यांबरोबर निदान चार लिंगांपर्यंत चाला, चपला घरी ठेवून. अक्षतांना सकाळी दहाच्या आत संमती कट्टा गाठा आणि पाणी जवळ ठेवा, दुपारपर्यंत हलता येत नाही. आणि 15 चं परतीचं तिकीट काढू नका. नवरीला निरोप दिल्याशिवाय मांडवातून उठायचं नसतं.